टीममध्ये कोणता प्राणी घ्यायचा

जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं मोबाइलवर एक गेम खेळतो. फिरता फिरता जंगली प्राणी दिसतात, जाळं टाकून धरायचे आणि दुसऱ्या टीमशी लढवायचे. टीममध्ये जागा फक्त सहा. कोणाला धरायचं यावर इतकी भांडणं झालीत, की घरी आता मला कामाचं कोणी विचारतच नाही. "आज कोण चुकलं?" एवढंच विचारतात.

शेजारच्या रोलिंग मिलवाल्यांशी शनिवारी सामना ठरला होता. हरणाऱ्यानं दोघांच्या सामाईक कँटीनमधलं कूलरसमोरचं टेबल सोडायचं. मे महिन्यात त्या टेबलाची किंमत काय, हे आमच्यात फक्त मला कळत होतं.

*

गजानन डिस्पॅचला आहे. त्याला सांगितलं होतं, दगडी कासव धर, मार खाऊन उभं राहतं. यानं धरला रंगीत शेपटीचा कोल्हा. सरावाच्या लढाईत पहिल्याच फटक्यात आडवा.

"अरे, ताकद तरी बघायची."

"स्टेटसला टाकलाय," गजानन म्हणाला. "कासव कोण बघतंय?"

*

शकीलभाई ग्रेडिंग मशीनवर. जुन्या जालन्यात, ऐन त्यांच्या गल्लीत वाघीण निघाली. असली वाघीण वर्षात दिसत नाही. हे समोर उभे राहिले आणि जाळं न टाकताच घरी गेले.

"पिल्लू होतं बाजूला," म्हणाले.

"शकीलभाई, गेम आहे तो."

"मंग? गेममधी बी आईच की."

मी डबा तसाच बंद केला. चार वाजता त्यांनीच चहा पाजला. चहा प्यायलो, पण राग गेला नाही.

*

राहिल्या पॅकिंगच्या सुनंदाताई. त्यांच्याकडे एक रानडुक्कर होतं. लठ्ठ, आळशी, लढाई सुरू झाली की पाठ फिरवणारं. शुक्रवारी मी हात जोडले, "ताई, हे सोडा, गरुडाला जागा करा." त्या बिलकुल ऐकेनात.

शनिवारी हरलो. मिलवाले कूलरपुढं बसून शर्ट वाळवत होते आणि आम्ही पत्र्याखाली. मी भडकलोच.

"ताई, एक डुक्कर सोडायला तुमचं काय जात होतं?"

ताई शांतपणे भाकरी मोडत म्हणाल्या, "सासरी केदारखेड्याला गेल्ते. सासूबाईंनी फोनमधी पाह्यलं. म्हणल्या, डुकरं सगळा मका खाऊन राह्यलेत, त्यातलं एक तर सापडलं. आता सोडायचंच असंल, तर सरपंचाच्या शेतात नेऊन सोड."