पाठकोरे कागद

कवीचे कागद जपणं म्हणजे भाषेचा प्राण जपणं, असं आमच्या तीर्थपुरीच्या दिवंगत कवींचं दप्तर जालन्याच्या ग्रंथालयात ठेवताना पाहुणे म्हणाले. खोका उघडला आणि छपाईच्या शाईचा वास आला.

त्या वासासरशी मी पुन्हा बावीस वर्षांचा झालो. कवी भजनी मंडळांना गाणी लिहून देत आणि घरच्याच छापखान्यात पुस्तकं काढत. माझ्या कवितांची एकुलती प्रत मी त्यांना वाचायला दिली होती. ती न्यायला गेलो, तेव्हा ते स्वतःच्या गाण्यांची ओली प्रुफं दोरीवर वाळत घालत होते. एक कागद उलटून पाहिला, तर मागे माझं अक्षर!

"काका, ह्या माझ्या कविता!"

"मंग? पाठकोरा कागद फेकून देऊ का? प्रुफं अशावरच काढतेत, बाबा. आलाच हैस तर चुका बी तपासून दे, जल्दी."

मी सगळं तिथंच टाकून निघालो. परत मात्र कधी लिहिलं नाही.

परवा कळलं, ती प्रुफं दप्तरात आहेत. म्हणजे माझ्या कविताही! ग्रंथालयात जाऊन पाहायला मागितल्या. कायम टिकावीत म्हणून सगळी प्रुफं पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. गाण्यांची बाजू वर.