डब्याचा तळ

वडगाव रासाईच्या भागुबाईला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेली की पाणी पिण्याआधी तिचा हात मांडणीवरच्या डब्यांकडे जायचा. झाकण काढायचं, चिमूट नाकाशी न्यायची आणि ‘ह्येचं काय करता गं?’ म्हणून विचारायचं. बायका वैतागायच्या, पण सांगायच्या. गावात कुणाकडे काय शिजतं ते तिला तोंडपाठ. स्वतःच्या घरात मात्र तिच्या आईचा नियम चालायचा: डब्याचा तळ दिसू द्यायचा नाही.

लेक सम्राट शिक्रापूरला कंपनीत लागला, खोली घेऊन राहिला. सून शितलही पॅकिंगला जाऊ लागली. मग शितलला दिवस गेले आणि नर्सबाईंनी सांगितलं, रक्त फार कमी आहे, गोळ्यांबरोबर खाणंही सुधारा. त्या खोलीतले डबे भागुबाईने आधीच हुंगले होते. टोस्ट, नूडल्स, फरसाण. तिने बाजरी, मटकी, हुलगे, हरभरे नेले आणि सगळे डबे गळ्यापर्यंत भरून आली.

महिन्याने पुन्हा गेली, झाकणं काढली. डबे तसेच भरलेले. शितल पांढरीफटक.

भागुबाईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण रागावण्यापेक्षा विचारण्याची सवय जुनी. "का गं, शितल?"

"आत्या, सहाला बस येती. मटकी भिजवायची कवा आन् भाकरी थापायची कवा? माघारी आल्यावर उभं ऱ्हावत न्हाई."

गावभरचे डबे बघितले, पण सुनेची घाई बघितली नाही, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेजारच्या खोलीत शिरली. तिथली रिंकूदेवी बिहारची, त्याच बसने जाणारी. तिने डब्यातलं दोन चमचे पीठ पाण्यात ढवळलं, मीठ-लिंबू घातलं आणि उभ्या उभ्या प्याली. भागुबाईने चिमूट नाकाशी नेली. भाजलेले हरभरे.

"आगं, ह्ये तर आमच्या सातूच्या पिठासारखं. सुगीला आई गुळाच्या पाण्यात कालवून द्यायची."

"सत्तू है, माँजी," रिंकूदेवी हसली आणि बसकडे पळाली.

भागुबाईने आपणच भरलेले हरभरे आणि बाजरी पिशवीत बांधून परत गावी नेली. त्यात घरचे गहू घातले, सगळं खरपूस भाजलं, सुंठ-जिरं घालून गिरणीतून दळून आणलं आणि मोठा डबा शिक्रापूरला पाठवला. बरोबर निरोप: सकाळी गुळाच्या पाण्यात, दुपारी ताकात, भिजवू नको, थापू नको.

पुढच्या महिन्यात ती खोलीवर पोचली. शितल नुकतीच कामावरून आली होती. सासूचा हात मांडणीकडे गेला तशी ती मध्ये आली.

"आत्या, रक्त वाढलंय म्हणल्या नर्सबाई. पर त्यो डबा नका उघडू. तळ दिसतोय."

भागुबाईने झाकण काढलंच. आत चमच्याने खरवडल्याच्या रेघा होत्या. डबा उजेडात धरून ती कितीतरी वेळ तो रिकामा तळ बघत राहिली.

"दिसू दे," ती म्हणाली, आणि डोळे पुसून पिशवीतलं नवं पीठ काढायला बसली.