रिंगखाली उभी केलेली पोर

"मॅडम, पोरगी उंच आहे, बास्केटबॉलला घाला," असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. उंच आहे म्हणजे काय? पंखे पुसायला नेताय का तिला? नवीन पनवेलच्या आमच्या सिमेंटच्या कोर्टवर मी इतकी वर्षं पोरी शिकवतेय, पण प्रत्येक पालक पोरीची उंची आधी सांगतो आणि नाव नंतर.

ही पोर मात्र खरंच उंच होती. विचुंब्याची. सहावीतच माझ्या कानापर्यंत यायची. वडिलांच्या शेतात आता इमारती होत्या आणि त्या त्यांनीच बांधल्या होत्या. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, म्हणून मीही शेठ म्हणायचे. दिलदार माणूस. पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ धरलं की न सांगता साइटवरची माणसं पाठवून घासून द्यायचे. अशा माणसावर रागावणंसुद्धा जड जातं. तरी त्यांच्यावर मी चिडले तेवढी सख्ख्या नवऱ्यावरही चिडले नसेन.

त्यांची एक सवय होती. दर थोड्या दिवसांनी रविवारी कोर्टवर यायचे, खिशातून सुताराची जाड लाल पेन्सिल काढायचे आणि पोरीला रिंगच्या खांबाला पाठ लावून उभी करायचे. "टाच खाली. मान सरळ." डोक्यावर रेघ. रेघ वर सरकली की सगळ्या टीमला वडापाव. पोरी टाळ्या पिटायच्या. मी मनातल्या मनात दातओठ खायचे. ती तासभर घाम गाळून काय शिकली हे या माणसाने एकदाही विचारलं नाही.

या वयाच्या मॅच जिंकणं अगदी सोपं असतं हो. उंच पोर रिंगखाली हात वर करून उभी करायची, बाकीच्यांनी तिच्याकडे बॉल फेकायचा. बचाव करताना पाचही जणींनी रिंगभोवती घोळका करायचा, कारण लांबून टाकायची ताकद समोरच्यांच्या मनगटात अजून आलेलीच नसते. झालं! कप येतो, फोटो येतो, आणि पोरी शिकतात काय? भोपळा. पुढे बाकीच्यांची उंची वाढते, मनगटं भरतात, आणि रिंगखालच्या बाईसाहेबांना धड टप्पा मारता येत नाही. असे किती जीव वाया गेलेले पाहिलेत मी.

म्हणून मी तिला रिंगपासून लांब नेलं. आपल्या रिंगपासून समोरच्या रिंगपर्यंत बॉल तिनेच आणायचा, डाव्या हाताने टप्पे, मान वर. सुरुवातीला नुसता छळ होता. बॉल पायावर आपटायचा, ती रडायची, एकदा तर रागाने बॉल लाथाडून थेट गटारात घातला. पण मग तो डावा हात ऐकायला लागला. जीभ दातांत धरून ती सगळं कोर्ट पार करायची आणि वळून मला विचारायची, "मॅडम, मॅचला बॉल मी आणू?" रोज तोच प्रश्न. मी म्हणायचे, "तूच आणायचास."

तालुक्याची फायनल आली. आदल्या दिवशी विचुंब्याच्या नाक्यावर हा एवढा फ्लेक्स! 'विजेत्या संघाच्या कर्णधाराचे हार्दिक अभिनंदन.' मधे पोर, खाली ओळीने काका, मामा आणि कुठलेकुठले भाऊबंद, गॉगल लावून. मी कपाळाला हात लावला.

"अहो शेठ, मॅच उद्या आहे!"

"आपनच जिंकनार ना मॅडम? मंग आजच लावला. उद्या कुठं धावपळ करायची."

दुसऱ्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे तिच्याच हातात बॉल दिला. समोरच्या पोरी अंगावर आल्या, दोनचारदा बॉल हिसकावला गेला, आम्ही मागे पडलो. झालं, बाहेरून आरडाओरडा सुरू. "रिंगखाली उभी करा तिला!" शेठ तर सरळ बेंचपाशी आले.

"मॅडम, हात जोडतो. गावात फ्लेक्स लागलाय. आमी तोंड कुठं दाखवायचं?"

"फ्लेक्स तुम्ही लावलाय, मॅच पोरी खेळतायत. बसा तिकडे!"

शेवटी शेवटी ती डाव्या हाताने दोघींच्या मधून निघाली. मान वर. आमची सगळ्यात बुटकी पोर मोकळी होती, तिला अचूक पास दिला. बॉल रिंगवर गोल फिरला आणि बाहेर पडला. आम्ही एका बास्केटने हरलो. ही माझ्याकडे धावत आली ती हसतच. "मॅडम, बघितलंत? डावा!" मी तिला घट्ट धरलं. शेठ स्कोअरबोर्डकडे बघत होते.

भांडले नाहीत ते. घरी आले, पेढे ठेवले, म्हणाले, "राग मानू नका मॅडम, पन पोरीचं नाव झालं पायजे." आणि तिला खारघरकडच्या एका बास्केटबॉलच्या कोचिंगला घातलं. मी पेढ्यांना हात लावला नाही. नवऱ्याने खाल्ले, त्याचाही राग आला.

मग दोन वर्षं कप आले, फ्लेक्स आले. मी स्कूटरवरून जाताना बघायचे. प्रत्येक फोटोत ती रिंगखाली, हात वर. सिग्नलला मी एकटीच बडबडायचे, शेजारचे रिक्षावाले बघायचे.

परवा जिल्ह्याच्या टीमची निवड होती. मी माझ्या पोरी घेऊन गेले होते. तीही आली होती. आता तिथल्या निम्म्या तरी पोरी तिच्याएवढ्या उंच होत्या, एकदोघी तर तिच्याहूनही उंच. अनोळखी पोरींच्या टीम पाडल्या. शिट्टी झाली आणि ही सरळ रिंगखाली जाऊन हात वर करून उभी राहिली. कुणी बॉल देईना. एकदा मधेच तिच्या हाती लागला, तर निवड करणारे सर ओरडले, "घेऊन जा पुढे!" तिने दोन टप्पे मारले, तिसरा पायावर आपटला. ती घाबरून कुणाला बॉल द्यावा ते शोधायला लागली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हीच ना ती, दोघींच्या मधून निघालेली?

शेठ माझ्या शेजारी उभे होते, घामाघूम. "मॅडम, तिला बॉल देतच नाय हो कोन. तुमी जरा सांगा ना त्यांना."

दोन वर्षं साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. निघालं एवढंच, तेही इतक्या मोठ्याने की लोक वळून बघायला लागले. "अहो, बॉल आणायलाच शिकवत होते ना मी तिला!"

 शेवटी सरांनी नावं वाचली, त्यात तिचं नव्हतं.

रविवारी सकाळी शेठची गाडी आमच्या कोर्टपाशी थांबली. ती उतरली, मला काही विचारलं नाही, चौथी-पाचवीच्या पोरींच्या रांगेत सगळ्यात मागे उभी राहिली. तिच्या कमरेएवढ्या पोरी वळून वळून बघत होत्या. तिने डाव्या हातात बॉल घेतला.

शेठ सवयीने खांबाकडे गेले. जुन्या रेघांवरून बोट फिरवलं, खिशातून पेन्सिल काढली. "ये गं. टाच खाली."

ती गेली नाही. जीभ दातांत धरून तिने टप्पा मारला, बॉल पायावर आपटून गटाराकडे पळाला आणि ती त्याच्यामागे धावली.