ताईच्या चपला

परवा आमच्या कोन गावात लाईट गेली म्हणून मेणबत्ती लावली. विझवताना धूर नाकात शिरला आणि चर्चच्या दारातली ती तापलेली पायरी आठवली.

माझी ताई ख्रिस्ती मुलाशी लग्न करणार होती. दोन्ही घरांचा विरोध होता. त्याच्या गावातल्या चर्चमध्ये गवगवा झाला असता, म्हणून दोघांनी कुठलंतरी लांबचं, परकं चर्च निवडलं. बांगड्या भरायला जातो असं घरी सांगून ताईने मला सोबत घेतलं. भिवंडीहून बस बदलत आम्ही तिथं पोचलो. देवळात शिरताना काढतो तशा तिने दारातच चपला काढल्या. आतली माणसं तर बूट घालूनच बसली होती.

"तू हितंच बस, चपला सांभाल," ती म्हणाली. "भिऊ नको. आपल्याला हितं कुनी वलखत न्हाय."

किती खूश होती ती हे सांगताना! आतून मेणाचा वास येत राहिला आणि मी चपलांवरची नजर हलवली नाही.

आता ताई नाही, भावोजीही नाहीत. त्यांची मुलगी घराण्याचा इतिहास जुळवतेय. वडिलांच्या गावच्या चर्चमध्ये लग्नाची नोंद नाही, आणि तिचे काका म्हणतात, लग्न झालंच नव्हतं. काल तिचा पुन्हा फोन आला. "मावशी, तू होतीस ना तिथं? कुठलं चर्च, आठव ना गं."

मला चपलेचा तुटका अंगठा आठवतो, खिळा मारून बसवलेला. गाव आठवत नाही, चर्च आठवत नाही. ताई म्हणाली तसंच झालं. तिला तिथं कुणीच ओळखत नाही.