ईनस टारवॉटरची टोपी

माझा नवरा ईनस टारवॉटर टोपी घालून झोपायचा. जेवतानाही टोपी. प्रार्थनेला सगळे पुरुष बोडके बसत, तेव्हा हा डोक्याला फडकं गुंडाळून मागच्या बाकावर. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कान ठणकतोय." ठणकायला कान होता कुठे? डावा कान त्याला नव्हताच.

आमच्या टेनेसीच्या डोंगरात ही साधी गोष्ट नव्हे. इथे डुकरं रानात मोकळी चरतात आणि कुणाचं कुठलं ते कानावरून ओळखायचं. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची म्हणजे उजव्या कानाला दोन चिरा, पेटिग्रूंची म्हणजे डाव्या कानाचा शेंडा उडवलेला. शेंबडं पोरसुद्धा वीस हातांवरून कान वाचतं. दुसऱ्याच्या खुणेचं डुक्कर मारलं, तर खांबाला बांधून फटके आणि वर चोराचाच कान कापायचा. त्यामुळे कान नसलेला माणूस दिसला की लोक आधी आपली डुकरं मोजायला पळत.

ईनसचा कान कापलेला नव्हता. कॅरोलायनात तरुणपणी, गावच्या सैनिकी कवायतीच्या दिवशी पिऊन मारामारी झाली आणि एकानं तो चावून तोडला. असा कान गेला की शहाणा माणूस कान मारामारीत गेला असा कोर्टाचा दाखला करून घेतो, तसा त्यानंही घेतला होता. इकडे येताना डोंगरउतारावर आमची गाडी नदीत कलंडली, तेव्हा पिठाच्या पोत्याबरोबर दाखलाही वाहून गेला. पिठासाठी मी रडले. तो दाखल्यासाठी रडला.

इथे आल्यावर मीठ आणायला पहिल्यांदा दुकानात गेलो. आतला माणूस बघून ईनस पांढराफटक पडला. बाहेर येऊन पुटपुटला, "केझी, कान चावला तो हाच."

अ‍ॅम्ब्रोज पेटिग्रू! कॅरोलायनात हा पाठीवर गाठोडं टाकून सुया विकायचा. इथे ओढ्याकाठची सगळी सपाट जमीन याची, दुकान याचं, गिरणी याची. दुकानाच्या ओसरीवर बसून खटलेही हाच चालवायचा. माणूस हसरा. हसला की वरचा पुढचा एक दात नसलेला दिसे. लहानपणी घोड्यानं लाथ मारली, ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा.

त्यानंही ईनसला ओळखलं होतं. बोलला काहीच नाही. थोड्याच दिवसांत ओढ्याकाठचा चांगला तुकडा त्यानं आम्हाला अर्ध्या वाट्यानं कसायला दिला, न मागता.

"का दिला रे?" मी विचारलं.

"मी गप्प बसावं म्हणून."

"आणि बोललास तर?"

ईनसनं टोपी खाली ओढली. त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. पोरं झाली, मका पिकला, भीती काही हलली नाही.

मग एका हिवाळ्याच्या तोंडाशी पेटिग्रूंची डुकरं नाहीशी व्हायला लागली. त्यांचा डुकरांवरचा माणूस लेम गॅडी घरोघर निरोप देत फिरला, की ज्यानं ज्यानं डुक्कर मारलंय त्यानं कान घेऊन ओसरीवर यायचं. आम्ही एक मारलं होतं, आमच्याच खुणेचं. कान मिठात ठेवले होते. ते फडक्यात बांधताना ईनसला गाठ जमेना, ती मलाच मारावी लागली.

ओसरीपुढे गाव जमलं होतं. पेटिग्रू खुर्चीत, शेजारी गॅडी. ईनसनं फडकं उघडून दोन्ही कान ठेवले. उजव्यावर दोन चिरा स्वच्छ दिसत होत्या.

"डुकराचे कान आणलेस," गॅडी म्हणाला, "आता तुझे दाखव की." आणि त्यानं टोपी उडवली.

मग मागून एक बाई ओरडली, "अगं बाई, कापलेला आहे! आणि आमच्या पोरांबरोबर जेवलाय हा!"

"चावला होता कुणीतरी," ईनस म्हणाला.

"कुणी?" गॅडीनं विचारलं.

ईनसनं पेटिग्रूकडे पाहिलं. पेटिग्रू आपल्या बुटांकडे पाहत होता.

"आठवत नाही. प्यायलो होतो."

"डुकरं खाल्लेलीसुद्धा आठवत नसतील मग!" गॅडी म्हणाला. लोक हसले, आणि त्या हसण्यानंच माझं काळीज फाटलं. कुणीतरी खांबाला बांधायला दोर आणायला गेलं होतं. मी पेटिग्रूकडे बघत राहिले. एक शब्द बोल, मेल्या, एकच शब्द. तो बोलला नाही. त्याचं नाव मी घेतलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं, आणि संध्याकाळच्या आत आम्ही पोराबाळांसकट रस्त्यावर आलो असतो. तरी मी पुढे झाले आणि ईनसचं डोकं धरून लोकांकडे वळवलं.

"जन्मभर कान वाचता ना? मग हाही वाचा. सुरीनं कापलेला कान सरळ असतो. हा सरळ आहे? आणि मधे हा दाण्याएवढा तुकडा राहिलाय, तो का राहिला?"

म्हातारा टॉलिव्हर पुढे आला. त्याच्याएवढे डुकरांचे कान गावात कुणी कापले नव्हते. त्यानं वाकून बराच वेळ पाहिलं.

"चावलेलाच आहे," तो म्हणाला. "आणि चावणाऱ्याला इथे पुढचा दात नव्ह—"

तो मधेच थांबला. एकेक मान ओसरीकडे वळली. पेटिग्रूनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. त्या हसऱ्या माणसाचं तोंड इतकं बंद मी कधी पाहिलं नव्हतं.

कुणी काही बोललं नाही. मीठ सगळ्यांना त्याच्याच दुकानातून लागायचं. पेटिग्रूनं नुसता हात हलवला, जा म्हणून. दोर आणणारा माणूस दोर पाठीमागे लपवून उभा राहिला.

घरी येऊन दार लावल्यावर ईनस म्हणाला, "काय केलंस हे, केझी? आता काढेल आपल्याला."

त्यानं काढलं नाही. पण ते आम्हाला कुठे माहीत होतं? दर वसंतात नांगर धरायच्या आधी ईनस आठवडाभर रस्त्याकडे कान लावून बसायचा, उरलेला एक. घोड्याची टाप ऐकली की घास खाली ठेवायचा. चोर तर कुणी म्हणत नव्हतं. उलट थट्टा करत, "पेटिग्रूंच्या खुणेचा आहे बाबा हा, कुठे हरवायचा नाही." तोही हसायचा, टोपी खाली ओढून. असाच म्हातारा झाला आणि तापानं गेला.

पुरायच्या दिवशी पेटिग्रू काठी टेकत आला. पेटी अजून उघडी होती. त्यानं आपली हॅट काढली, ईनसकडे पाहिलं आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणाला, "त्याची टोपी काढा. लपवण्यासारखं काही नाही त्याच्याकडे. तो कान मी तोडला होता."

बोलताना दातांमधली फट सगळ्यांना दिसली. लोक माझ्याकडे बघायला लागले.

हेच शब्द त्या ओसरीवर बोलला असता, तर माझा नवरा जन्मभर बोडक्या डोक्यानं हिंडला असता. मी वाकले, ईनसची टोपी दोन्ही हातांनी नीट खाली ओढली आणि झाकण लावायला सांगितलं.