रात्रीचा पारा

महापालिकेच्या हवामान कक्षात कोणी सहज म्हणालं, "यंदा ऊन फारच आहे हो," की कोपऱ्यातल्या टेबलावरून हमखास प्रश्न यायचा, "कशापेक्षा?" प्रश्न खवचट नसायचा. विचारणारीला खरंच जाणून घ्यायचं असायचं. गेल्या वर्षीपेक्षा, लहानपणीपेक्षा, की काल पंखा बंद पडला होता त्यापेक्षा? यावरूनच कचेरीत तिचं नाव पडलं सरासरीबाई. तिला ते ठाऊक होतं. एकदा शिपायाने चुकून तोंडावरच तशी हाक मारली आणि जीभ चावली, तेव्हा ती म्हणाली, "असू दे. सरासरी म्हणजे काही शिवी नाही."

उन्हाळा, पूर, धूर यांसाठी शहराने काय नियम करावेत हे ठरवणारे लोक वेगळे होते. ठरवायच्या आधी आकडे काय म्हणतात ते त्यांच्यापुढे मांडायचं, हे तिचं काम. कक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची, पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली. चार टेबलं, एक खिडकी आणि एकच टेबलफॅन, तोही कॉम्प्युटर तापून बंद पडू नये म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला. माणसांनी घामाघूम व्हायचं आणि यंत्राने वारा खायचा, यावर रोज एकदा तरी हसणं व्हायचं.

घरी नवरा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. आणि पलीकडच्या वस्तीत आत्या होती. आईवडील लवकर गेल्यावर हिला आत्यानेच वाढवलं, शिवणयंत्र चालवून शिकवलं. आत्या आता सत्तरीच्या पुढे गेली होती आणि चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखालच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. "साऱ्या गावाला वर-खाली नेतोस," ती जावयाला म्हणायची, "आणि माझ्या नशिबी मात्र पायऱ्याच."

एका वर्षी उन्हाळा संपता संपता साहेबांनी सरासरीबाईंना बोलावलं. साहेब कक्षाचे प्रमुख. माणूस भला, पण वरच्यांच्या कपाळावरची आठी बघून पाऊल टाकणारा. पुढच्या उन्हाळ्यासाठी शहराचा आराखडा करायचा होता. तोवरचा नियम साधा होता. दुपारचा पारा चाळीसच्या वर जाणार असेल तर इशारा द्यायचा, चौकात पाणी ठेवायचं, उन्हातली कामं थांबवायची.

"पाणी कुठे कुठे ठेवायचं तेवढं सांगा," साहेब म्हणाले. "आठवड्याभराचं काम आहे."

तिने आरोग्य खात्याकडून गेल्या काही वर्षांच्या मृत्यूंच्या तारखा, वयं आणि विभाग मागवले, वेधशाळेकडून तासातासाचं तापमान मागवलं, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवलं. सगळ्यांत तापलेल्या दिवसांच्या मागोमाग मृत्यू वाढलेले दिसतील अशी तिची अपेक्षा होती. थोडे वाढलेही होते. पण आलेखातले खरे उंचवटे भलत्याच ठिकाणी होते. दुपारी फारसं ऊन नसलेल्या, कधी तर ढगाळ दिवसांनंतर.

दुसरं कोणी असतं तर नवं काही सापडलं म्हणून साहेबांच्या खोलीकडे धावलं असतं. हिने आधी स्वतःवर संशय घेतला. तारखा एका दिवसाने सरकल्या असतील. एखाद्या विभागाची नोंद दोनदा आली असेल. साथ असेल. एकेक शंका काढायची, ती तपासायची आणि खोडायची, असं तिने महिनाभर केलं. साहेब विचारायचे, "झालं का?" ती म्हणायची, "कुठेतरी माझं चुकतंय. सापडलं की सांगते."

चूक सापडली नाही. सापडल्या त्या उकाड्याच्या रात्री. लागोपाठ तीन रात्री हवा थंड झालीच नाही की चौथ्या दिवसापासून म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू वाढायचे. दुपारी पारा किती होता याला फारसं महत्त्व नव्हतं. त्यातही उंच इमारतींच्या, दाटीच्या वस्त्यांत जास्त. दिवसा तापलेलं शरीर रात्री निवतं. रात्रीही निवलं नाही, तर ते थकत जातं.

तरी तिचं समाधान होईना. वेधशाळा गावाबाहेर, मोकळ्या माळावर. तिथली रात्र वेगळी आणि गच्चीखालच्या खोलीतली वेगळी. तिने तापमान टिपून ठेवणारी छोटी यंत्रं मिळवली आणि पावसाळा सरून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाल्यावर वेगवेगळ्या इमारतींत वरच्या मजल्यांवर ओळखीपाळखीने लावली. एक आत्याकडेही.

"हे काय माझ्यावर पहारा बसवतेस?" आत्याने यंत्राकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तुझ्यावर नाही. भिंतीवर."

"भिंत कुठे पळून जातेय?"

पण लावू दिलं. महिन्याने यंत्रं उतरवली तेव्हा दिसलं ते असं: बाहेर रस्त्यावर वारा सुटलेला असतानाही त्या खोल्या पहाटेपर्यंत भट्टीसारख्या असायच्या. दिवसभर उन्हात भाजलेली गच्ची रात्रभर खाली आच सोडत राहायची.

मग तिने अहवाल लिहिला. इशारा रात्रीच्या पाऱ्यावर द्यावा, आणि अशा रात्रींसाठी महापालिकेच्या पंखे-कूलर असलेल्या मोठ्या जागा लोकांना उघड्या कराव्यात.

बैठक झाली तेव्हा आरोग्य विभागाच्या डॉक्टरबाई समोर होत्या. स्पष्टवक्त्या, अनुभवी, उभं आयुष्य इस्पितळात गेलेल्या. त्यांनी अहवाल मिटून ठेवला.

"तुम्ही म्हणता इतकी माणसं उष्म्याने गेली. माझ्या दाखल्यांवर कुणाचं हृदय बंद पडलंय, कुणाची किडनी. यातल्या एकाचं तरी नाव सांगा."

"नाही सांगता येणार," ती म्हणाली.

"मग हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं."

ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, भाजीत मीठ जास्त पडलं की जिभेला कळतं. त्यातला कुठला खडा जास्तीचा होता, ते नाही सांगता येत. पण म्हणून भाजी खारट झालीच नाही, असं म्हणता येत नाही."

कोणीतरी हसलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी अहवाल पुन्हा उघडला.

दुसरी अडचण साहेबांची होती. अहवालात तिने उष्म्याने गेलेल्यांचा एकच आकडा दिला नव्हता. कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, अशी दोन टोकं दिली होती. साहेबांना त्यातलं खालचं टोक तेवढं वर पाठवायचं होतं.

"वरच्यांना हे 'पासून पर्यंत' चालत नाही हो. एकच आकडा द्या. लहान असला की कुणी दचकत नाही."

"खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, साहेब. एक टोक कापलंत तर ते माझं उत्तर राहणार नाही. मग सही तुम्हीच करा."

ती हे रागाने बोलली नाही, पाणी उकळतं तेव्हा वाफ होते असं सांगावं तशी बोलली. साहेबांना रागावायलाही जागा मिळाली नाही. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. वाटलं, त्या तरी आपली बाजू घेतील. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला त्यांचं गणित अजून पुरतं पटलेलं नाही. पण आपल्याला काय माहीत नाही हे जी बाई आपणहून लिहून देते, तिच्यावर मी विश्वास ठेवीन. दोन्ही टोकं जाऊ द्या."

दोन्ही टोकं गेली. पुढच्या उन्हाळ्यापुरता, करून बघू म्हणून, नवा नियम मंजूर झाला.

पहिला इशारा द्यायची वेळ आली तो दिवस नेमका ढगाळ निघाला. दुपारी लोक आरामात बाहेर हिंडत होते आणि भोंगे लावलेली गाडी गल्लोगल्ली सांगत होती की उष्म्यापासून सांभाळा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छत्री घेतलेला माणूस घाम पुसतोय असं व्यंगचित्र आलं. साहेबांनी ते तिच्या टेबलावर आणून ठेवलं आणि निघून गेले.

त्याहून वाईट म्हणजे उघडलेल्या जागा ओस पडल्या होत्या. संध्याकाळी ती स्वतः आत्याच्या वस्तीतल्या सभागृहात गेली. पंखे फिरत होते, सतरंज्या अंथरलेल्या होत्या, आणि सगळ्या हॉलमध्ये एक पहारेकरी तेवढा ऐसपैस झोपला होता.

कक्षातले एकजण म्हणाले, "लोकांनाच नको असेल तर आपण काय करणार?" ती म्हणाली, "लोकांना नको आहे की आपण दिलंय ते नको आहे, हे कुठे विचारलंय आपण? इथे बसून आपण उंटावरून शेळ्या हाकतोय."

आणि ती निघाली. सलग काही दिवस सकाळी कचेरीत न येता ती वरच्या मजल्यांचे जिने चढत राहिली. सुरुवात आत्यापासून केली.

"तू का नाही आलीस?"

"चारचौघांत पाय पसरून झोपू?" आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली. "त्यात पुरुषमाणसं. शेजारी कोण घोरतंय, कोण बघतंय. आणि घराला कुलूप लावून गेले तर मागे घर कोण बघणार? शिवाय तुमच्या त्या हॉलचा संडास वरच्या मजल्यावर. रात्रीतून तीनदा उठते मी. इथले जिने कमी पडले म्हणून तिथले चढू?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू भिंतीचं विचारलंस, पोरी. माझं कुठे विचारलंस?"

हे तिला लागलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो हात धूत म्हणाला, "आम्ही लिफ्ट बसवतो तेव्हा किती माणसांचं वजन पेलेल ते लिहितो. पण बटण इतकं उंच लावलेलं असतं की पोरांचा हात पोचत नाही. हे तसंच झालं." ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिने चढायला गेली. थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच ऐकू आलं.

तिने साहेबांपुढे बदल मांडले. बायकांसाठी वाचनालयाची तळमजल्यावरची खोली, कारण तिथे स्वच्छतागृह जवळ होतं. झोपायची सक्ती नाही. नुसतं बसायचं असेल तरी या. प्रत्येक इमारतीतला एक शेजारी मागे राहून घरांवर लक्ष ठेवील, त्याची पाळी ठरलेली. साहेबांनी मान डोलावली. त्यांनाही त्या व्यंगचित्राचं उट्टं काढायचं होतं.

पुढच्या इशाऱ्याला आत्या वाचनालयात आली ती "नुसती बघायला." येताना शिवायचं कापड घेऊन आली. पंख्याखालचा कोपरा धरला, आणि तासाभरात कोणी कुठे बसायचं, दिवा किती मोठा ठेवायचा, कोणी मोबाइलवर मोठ्याने बोलायचं नाही, हे सगळं तीच ठरवू लागली. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस खोली भरायला लागली होती.

मग हिशेब मांडायची वेळ आली. नियमामुळे माणसं वाचली का? सरासरीबाईंनी आकडे मांडले. गरम रात्रींनंतरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी दिसत होते. पण एकाच उन्हाळ्याचा पुरावा तोकडा होता. काहीच फरक पडला नसेल, हीही शक्यता उरत होती. तिने तसंच लिहिलं.

साहेब कासावीस झाले. "अहो, इतकं सगळं करून आपणच म्हणायचं की खात्री नाही? हे तर हात दाखवून अवलक्षण."

"तीन-चार उन्हाळे जाऊ द्या, साहेब. तेव्हा सांगता येईल."

"आणि तोवर नियम चालू ठेवायचा तो कशाच्या जोरावर?"

"नुकसान काही नाही, आणि फायदा असण्याची शक्यता बरीच आहे, या जोरावर. तेही लिहिलंय, शेवटच्या पानावर."

आश्चर्य असं की वरच्यांनी ते मान्य केलं. डॉक्टरबाईंनी त्या पानाखाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

ती तेवढे उन्हाळे थांबली. अशी थांबणारी माणसं फार दिसत नाहीत. दर उन्हाळ्यानंतर ती तोच प्रश्न पुन्हा मांडायची. कुठल्या वस्तीत खोली उघडायला उशीर झाला, कुठे कूलर बिघडला होता, हेही अहवालात आपणहून घालायची. दुसऱ्या शहरांतून पद्धत मागायला पत्रं आली तेव्हा तिने पद्धतीआधी चुकांची यादी पाठवली. ढगाळ दिवशीच्या भोंग्यांची हकीकत त्यात पहिली होती.

चौथ्या उन्हाळ्यानंतर वाचलेल्यांच्या आकड्याचं खालचं टोकही शून्याच्या वर गेलं. आता कसंही पाहिलं तरी माणसं वाचली होती. तिने ते पुन्हा तपासलं. मग कक्षात नव्याने आलेल्या, तिच्याइतक्याच चिवट स्वभावाच्या सहकाऱ्याला सगळं देऊन सांगितलं, "हे मोडून दाखवा." त्याने दोन आठवडे प्रयत्न केले आणि हात टेकले. तेव्हा कुठे ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी कागद वाचला. पहिल्यापासून पुन्हा वाचला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. उठून त्यांनी दारापर्यंत जाऊन चहा मागवला, आणि चहा आल्यावर आपल्या हाताने कप तिच्यापुढे ठेवला.

घरी नवरा कुठल्याशा लिफ्टचं सुटं चाक जेवणाच्या टेबलावर ठेवून घासत बसला होता. तिने त्याला थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे चाललं तर," तो म्हणाला.

"चाललं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढासा झाला. तो चाक खाली ठेवून तिच्याजवळ येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती उन्हं वर येईपर्यंत झोपली. आत्याचा फोन वाजला तो नवऱ्याने घेतला आणि हळू आवाजात सांगितलं, "उठवत नाही तिला. झोपू दे आज."