डाव्या सीटवरचे अप्पा

गाडीत बसायच्या आधी गुरुलिंगअप्पा बोनेटवर तळहात टेकवायचे आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “मला भ्या वाटून राहिलं.” मग माझ्याकडे वळायचे. “आता तुमी म्हणा.”

पहिल्या दिवशी मी म्हटलं नाही. डाळमिलच्या ऑफिसात दिवसभर हमालांवर आणि ट्रकवाल्यांवर ओरडणारी, चाळिशी ओलांडलेली बाई मी. भर रस्त्यात उभी राहून असलं काही म्हणणार होय? अप्पांनी किल्ली माझ्या हातावर परत ठेवली आणि ते सरळ पानटपरीकडे चालायला लागले. जाता जाता म्हणाले, “ज्याला भ्या वाटत न्हाई त्याला मी शिकवत न्हाई. तसल्यासाठी लातुरात लई क्लास हायेत.” शेवटी मी पुटपुटले. “मोठ्यानं,” अप्पा म्हणाले. टपरीवाल्यानं मान वर करून बघितलं, तेव्हा कुठे ते येऊन डाव्या सीटवर बसले.

खरं म्हणजे मला इतकी भीती वाटत होती, की ते बोलून दाखवायची गरजच नव्हती. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याची लाल गाडी माझ्या दारात लावून गेला. छोटीशी, जमिनीला टेकलेली, मागे उगाच एक पंख लावलेली. त्यानं ती पळवायच्या हौसेनं घेतली होती. मला पळायचं नव्हतं. मला फक्त आईला आणायचं होतं. आई नांदेडला एकटी राहते, हट्टानं राहते. तिचं हृदय अशक्त आहे आणि तिचा विश्वास लातूरच्या एकाच डॉक्टरवर आहे. म्हणजे महिन्यातून एकदा तिला आणणं, दाखवणं, परत पोचवणं आलं. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. एसटीच्या गर्दीत तिचा जीव घुसमटायचा. एकदा लोह्याच्या स्टँडवर तिला उतरवून बाकावर झोपवावं लागलं. तिचे ओठ निळसर पडले होते आणि मी पदरानं वारा घालत बसले होते. त्या बाकावरच मी ठरवलं, की आता आपली गाडी आपणच चालवायची.

परवाना माझ्याकडे होता. तो क्लासच्या जुन्या गाडीवर मिळवलेला. ती गाडी बिचारी म्हशीसारखी होती. एकदा दुसऱ्यात टाकली, की गावभर हिंडून यावं. भावाची ही लाल भवानी मात्र पहिल्या गिअरमध्ये हलते न हलते तोच किंचाळायला लागे. घाईनं दुसरा टाकावा, तर झटका देऊन पुढे उडी. तोही लगेच संपे. स्पीडब्रेकर आला आणि दुसऱ्यातच ठेवली, तर आचके देऊन बंद. एका सकाळी गंजगोलाईत ती तीनदा बंद पडली. मागे रिक्षा, हातगाडे, मोटारसायकली आणि प्रत्येकाचा हॉर्न. एक रिक्षावाला खिडकीपाशी येऊन म्हणाला, “मावशी, ढकलू का?” मी इतकी गोंधळले, की क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेच कळेना. गाडी तिथेच कडेला लावून मी घरी चालत आले. मिलमधल्या मुकादमानं अप्पांचं नाव सांगितलं ते त्याच संध्याकाळी.

अप्पा मूळचे उदगीरचे. औसा रोडला त्यांची पत्र्याची शेड होती आणि चाळीस वर्षं त्यांनी फक्त गिअरबॉक्सच खोलले, जोडले. कपाळाला विभूती, पांढरी विजार, सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला हातरुमाल, त्यांच्या भाषेत दस्ती. बोटांच्या रेषांत ऑईल असं मुरलेलं, की आंघोळीनं जाण्यातलं नव्हतं. हल्ली हात कापतात म्हणून शेड पुतण्याकडे दिली होती आणि ते स्वतः भित्र्या माणसांना गाडी शिकवत. ‘भित्री माणसं’ हा शब्द त्यांचाच. ते पैसेवाल्या, तरण्या, गॉगल लावून येणाऱ्यांना दारातून परत पाठवत.

पहिल्या दिवशी डोळे मिटून ते नुसते ऐकत बसले. मी फर्लांगभर गाडी नेली, दोनदा बंद पाडली आणि रडायच्या बेतात आले.

“ताई, गाडीत खोट न्हाई,” ते म्हणाले. “हिच्या पायऱ्या ठेंगण्या हायेत. तुमी उंच पायऱ्याच्या जिन्यावानी पाय टाकून राहिल्या, मग ठेचकाळणारच की.”

मग त्यांनी समजावलं. बहुतेक गाड्यांत पाच गिअर असले तरी त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. काही गाड्यांचे गिअर लांब असतात, एकेकात पुष्कळ वेळ निघतो. ही गाडी चटकन उसळावी म्हणून तिचे गिअर आखूड आणि जवळजवळ ठेवलेले. रिकाम्या रस्त्यावर त्याची गंमत असेल, पण भाजी आणायला निघालेल्या माणसाला ती सारखी कामाला लावणार. गावात पहिला-दुसरा-पहिला करत बसायचं, हायवेला पाचव्यातही इंजिनाची कटकट ऐकायची. “वरडू द्या तिला,” अप्पा म्हणाले. “वरडनं म्हंजी मरनं न्हवं. गप झाली की मग भ्यायचं.” त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

त्यांची शिकवण्याची रीत तऱ्हेवाईक होती. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खिशातली दस्ती काढून काट्यांवर पसरली. वेग दिसेना, काही दिसेना. “काट्याकडं बगून गिअर टाकनारा खामखा उशीर करतो. कान द्या.” मी घाबरून म्हटलं, “अप्पा, मला काही कळत नाही आवाजातलं.” ते म्हणाले, “आईला दम लागला ते कशावरून कळतं तुमाला? काटा हाय का तिला?” त्यानंतर दस्ती महिनाभर तिथेच राहिली. इंजिन कधी धापा टाकतंय आणि कधी नुसतंच बडबडतंय, हे मला खरंच कळायला लागलं.

रेल्वेपुलाच्या चढावर मला थांबवून पुन्हा निघायला लावायचे, तेव्हा त्यांचं स्वतःचं कपाळ घामानं भरलेलं असायचं. ते नाटक नव्हतं. दाराच्या वरची मूठ ते अशी गच्च धरत, की नखं पांढरी पडत. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. अप्पा स्टीअरिंगवर कधीच बसत नसत. गाडी वाकडी लागली, चिखलात रुतली, तरी ते बाहेर उभे राहून हातवारे करत. मी एकदा चिडवलं, “अप्पा, तुम्हाला तरी येते का हो चालवायला?” ते दस्तीनं तोंड पुसून म्हणाले, “येत हुती.” मी हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

चार महिन्यांनी मी एकटी नांदेडला जाऊन आईला घेऊन आले. अहमदपूरला चहाला थांबावं लागलं, पण पोचले. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेनंतर मी पेढे घेऊन अप्पांच्या शेडवर गेले आणि फुशारक्या मारायला लागले. म्हटलं, ह्या गाडीच्या किंचाळण्यावर मला उपाय सापडलाय. वाटेत तो मोठा उतार आहे ना, खाली वळण आणि वळणावर अरुंद पूल, तिथे मी गाडी सरळ न्यूट्रल करते. पेट्रोल वाचतं आणि अशी शांत घरंगळते, की आईला डुलकी लागली.

यात मी काही नवीन केलं नव्हतं. आमच्याकडे उतार आला, की गाडी ‘फ्री’ सोडायची हे रक्तातच आहे. माझे वडील स्कूटर तशीच सोडत आणि त्याला हुशारी समजत. जीपवाले, टेम्पोवाले, सगळे तेच करतात.

अप्पांच्या हातातला पेढा खाली पडला. ते शेडच्या उंबऱ्यावर बसले. चेहरा असा उतरला, की मी पुतण्याला पाणी आणायला सांगितलं.

“उतार देव देतो, तेल कशाला जाळायचं, हे वाक्य माझं हाय, ताई,” ते शेवटी म्हणाले. “माज्या बसूला मीच शिकिवलं.”

बसवराज त्यांचा एकुलता एक मुलगा. वीस वर्षांपूर्वी एका जीपचा गिअरबॉक्स बांधून बापलेक ती पोचवायला किनवटकडे निघाले होते. इस्लापूरच्या पुढे जंगलातला उतार लागला. मुलगा चालवत होता, अप्पा डाव्या सीटवर. बापाच्या शिकवणीप्रमाणे मुलानं गाडी फ्री सोडली. जड जीप, लांब उतार. ब्रेक तापले आणि लागेनासे झाले.

“मी दांडी धरली. तिसऱ्यात ढकलतोय, दुसऱ्यात ढकलतोय. एवढ्या येगात गिअर पडतच न्हाई. नुसतं दात घासल्याचा खर्रर्र आवाज. मीच बांदलेला गिअरबॉक्स, मलाच आत घेईना.” अप्पांनी हात पुढे केला. दांडी धरल्यासारखी त्याची मूठ वळली. “बसू म्हनला, आप्पा, भ्या वाटून राहिलं. मी म्हनलो, काय न्हाई होत, भ्याचं कारन न्हाई. त्येच आमचं शेवटचं बोलनं.”

मला आईचा मागच्या सीटवर झोपलेला चेहरा दिसला. तीन वेळा, चार वेळा मी तिला त्या उतारावरून तशी नेली होती.

“पुडच्या खेपेला मी येतो,” अप्पा म्हणाले.

त्या दिवशी नांदेडहून दुपारी निघालो. आई मागे, अप्पा डावीकडे. निघताना तिघांनीही म्हटलं. आईला आधी हसू आलं, मग तिनंही हात जोडून म्हटलं, “मला बी भ्या वाटतंय बाई.” लोहा गेलं तशी अप्पांनी दाराच्या वरची मूठ गच्च धरली. उतार जवळ आला. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ट्रक आणि त्याचा हॉर्न. उतार सुरू होण्याआधीच मी चौथ्यातून तिसऱ्यात आणली. गाडी किंचाळली. ट्रकवाल्यानं आणखी जोरात हॉर्न दिला. न्यूट्रल करावी आणि हा कल्लोळ एकदाचा थांबवावा, असं इतकं वाटलं, की हात दांडीवर गेला.

त्याच क्षणी अप्पांचाही हात दांडीकडे निघाला होता. मी बघितलं. अर्ध्या वाटेत तो थांबला, परत गेला आणि त्यांनी तो स्वतःच्या गुडघ्यावर दुसऱ्या हातानं दाबून धरला. मी क्लच दाबला, थोडी रेस दिली आणि दुसऱ्यात टाकली. गिअर लोण्यासारखा पडला. आखूड गिअर ते. इंजिन बोंबललं, पण गाडीला जणू कुणी मागून धरून ठेवलं. ब्रेकला मी नुसता पाय लावून होते. भावानं पळण्यासाठी घेतलेले गिअर मला थांबायला उपयोगी पडत होते. ट्रॅक्टर पूल ओलांडून गेला, मागून आम्ही.

पलीकडे सपाटीला अप्पांनी गाडी थांबवायला लावली. उतरून ते बाभळीखाली पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आई खिडकीतून म्हणाली, “जाऊ दे, त्यांना रडू दे.” थोड्या वेळानं ते वळले आणि माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

“सरका माय,” ते म्हणाले.

वीस वर्षांनी अप्पा स्टीअरिंगवर बसले. बोनेटवर हात टेकवून आले होते, ओठ हलत होते. पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा बंद. आई मागून म्हणाली, “मास्तरालाच येईना की गं!” अप्पा हसले. पहिल्यांदाच मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. तिसऱ्या वेळी गाडी निघाली आणि फर्लांगभर गेली. मग त्यांनी ती कडेला घेतली आणि ते पुन्हा डाव्या सीटवर येऊन बसले.

गेल्या माघात अप्पा झोपेतच गेले. त्यांच्या समाजात मृताला बसवून नेतात. फुलांनी सजवलेल्या पिकअपवर त्यांना बसवलं होतं, कपाळभर विभूती, मांडीवर हात. पिकअप चालवायला त्यांचाच एक विद्यार्थी होता, चाळिशीचा शिक्षक. निघण्याआधी त्यानं बोनेटवर तळहात टेकवला आणि रडत रडत, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हटलं, “अप्पा, मला भ्या वाटून राहिलं.” गर्दीत कुणीतरी तेच म्हटलं. मग आणखी कुणी. तेव्हा मला कळलं, की त्यांनी किती भित्री माणसं रस्त्याला लावली होती.

दफनभूमीकडे जाणारा रस्ता शेवटी थोडा उतरता आहे. चालणाऱ्या माणसालाही जाणवू नये इतका. पिकअप तिथे पोचली आणि तिचं इंजिन घरघरायला लागलं. त्यानं पहिला गिअर टाकला होता. मागून मी लाल गाडी आणत होते, आईला तेवढं पायी चालवत नव्हतं म्हणून. मीही पहिल्यात होते. तोच आखूड पहिला गिअर, ज्यानं मला गंजगोलाईत रडवलं होतं, आता भजन म्हणत चालणाऱ्या माणसांच्या पावलानं चालत होता. क्लचवर पायसुद्धा ठेवावा लागत नव्हता.

आई नेहमी मागे बसते. त्या दिवशीही मागेच बसली होती. डावी सीट रिकामी होती आणि मला फार भीती वाटत होती. मी ते मोठ्यानं म्हटलं, आणि गाडी गिअरमध्येच ठेवली.